परवाना कोणाच्या हातात, हे आधी विचारा

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

परदेशी कामगारांना ठरावीक मुदतीसाठी बोलावून घेण्याच्या योजनांवर सध्या बरंच छापून येतं आहे. मी ते सगळं वाचतो, कारण माझी उमेदीची वर्षं त्याच व्यवहारात गेली. संयुक्त अरब अमिरातीत एका बांधकाम कंपनीत मी टाइमकीपर होतो. हजेरी, ओव्हरटाइम, पगारपत्रकं, लेबर कार्डांचं नूतनीकरण आणि माणूस परत निघाला की त्याचा शेवटचा हिशेब, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. या लेखांमधली एक गोष्ट मला सारखी खटकते. वाद नेहमी आकड्यावर असतो. परदेशी माणसं किती घ्यावीत, कोटा दहा टक्के ठेवावा की वीस, योजना चालू ठेवावी की गुंडाळावी. आलेल्या माणसाला ती नोकरी सोडून शेजारच्या कंपनीत जाता येतं का, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. मालकाचं आणि स्थानिक कामगाराचं बरंवाईट बहुतांशी याच उत्तरावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

आखाती देशांतल्या कफाला पद्धतीत कामगाराचा व्हिसा एका मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, नावाला बांधलेला असतो. नोकरी गेली की त्या देशात राहण्याचा हक्कही गेला. अमिरातीत २०१० पर्यंत करार पूर्ण झाला तरी दुसऱ्या कंपनीत जायला जुन्या मालकाची एनओसी लागायची. ती मिळाली नाही तर सहा महिन्यांचा बॅन, म्हणजे घरी जाऊन बसणं. पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये असा नियम होता, तरी कितीतरी कंपन्यांत ते ऑफिसच्या लोखंडी कपाटातच असायचे.

आमच्याकडे एक शटरिंग कारपेंटर होता. ड्रॉइंग वाचता येणारा, हाताचा पक्का. त्याने बीमचं शटरिंग लावलं की फोरमन पुन्हा लेव्हल बघायला जात नसे. बेसिक सहाशे दिरहम, भत्ते धरून नऊशे. ओव्हरटाइम बेसिकच्या सव्वापटीने मोजला जातो, त्यामुळे वाढ द्यायचीच झाली तर कंपनी ती भत्त्यात द्यायची, बेसिकला हात लावायची नाही. रस्त्यापलीकडच्या साइटवर त्याला बाराशे द्यायला तयार होते. करार संपत आला होता. त्याने एनओसीचा अर्ज लिहून आणला, मीच तो आत नेऊन ठेवला. दोन दिवसांनी अर्ज परत आला, वर शेरा होता: रिन्यू करा किंवा कॅन्सल करा. त्याने नऊशेवरच रिन्यू केलं. घरी जाऊन, बॅन संपेपर्यंत थांबून, पुन्हा एजंटाला पैसे मोजून परत येण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

बाजारात त्याच्या हातकामाला बाराशेचा भाव होता, आणि मिळत होते नऊशे. मधले तीनशे कुठल्याही मंदीने किंवा गर्दीने खाल्ले नव्हते. ते एका शेऱ्याने खाल्ले होते. परदेशी मजूर स्वस्तात काम करायला तयार असतात म्हणून स्थानिकांचे पगार पडतात, असं जे लिहिलं जातं, ते अर्धंच खरं आहे. तो माणूस नऊशेवर खूश नव्हता. त्याला हलता येत नव्हतं.

जानेवारी २०११ पासून अमिरातीने नियम बदलला. करार पूर्ण केलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या एनओसीशिवाय दुसरीकडे जायची मुभा मिळाली. हे जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत मला एक यादी करायला सांगण्यात आली: पुढच्या काही महिन्यांत कोणाकोणाचे करार संपतात, आणि त्यांतले कामाचे कोण. फोरमन लोकांना बसवून नावांपुढे खुणा झाल्या. खूण असलेल्या माणसांना करार संपायच्या आधीच बोलावून वाढ देण्यात आली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी तोंड उघडलं नव्हतं. दुबईत तेव्हा २००९च्या पडझडीनंतर अर्धवट राहिलेले टॉवर जागोजागी उभे होते, म्हणजे मजुरीला तेजी नव्हती. वाढ मिळाली ती माणूस निघून जाऊ शकतो म्हणून. त्या यादीत आमचा कारपेंटर मात्र नव्हता. त्याचं रिन्यूअल आधीच झालेलं होतं.

मला एका ऑफिसात दिसलं ते एकट्या त्या ऑफिसापुरतं नव्हतं. अमिरातीतल्या पगारवाटपाच्या नोंदी आणि कामगार मंत्रालयाच्या नोंदी एकमेकींना जोडून तीन अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून तिथे असलेल्या कामगारांची कमाई त्या बदलाने दहा टक्क्यांहून जास्त वाढली. कंपन्या बदलणारे वाढले, तरीही एकूण पाहता आहे त्याच कंपनीत टिकणारे जास्त झाले, कारण करार संपल्यावर कंटाळून मायदेशी जाणारे कमी झाले. मालकांनी हा निकाल नीट वाचावा असं मला फार वाटतं. मोकळीक दिली की माणसं पळतील ही त्यांची भीती, आणि झालं ते हे.

त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे. जुन्यांचा पगार वाढला तेव्हा नव्याने बाहेरून माणूस आणण्याची मागणी कमी झाली आणि नव्यांचे सुरुवातीचे पगारही उतरले. घरी व्हिसाची वाट बघत बसलेल्यांना याचा चटका बसला असणार. तरीही मी त्या बदलाच्या बाजूने आहे. अनुभवी माणूस पायरीने वर चढू शकतो अशी नोकरी थोड्यांना मिळाली, तरी ती खरी नोकरी आहे.

आता स्थानिक कामगाराचं. बांधकामाचं टेंडर भरताना एस्टिमेटर मजुरीचा दर तासावर धरतो. बांधलेल्या माणसांचा तास सहा दिरहमला पडत असेल आणि मोकळ्या माणसाचा नऊला, तर टेंडर पहिल्यालाच मिळणार. म्हणजे सचोटीचा कंत्राटदार, जो बाजारभावाने पगार देतो, शिकाऊ मुलं ठेवतो, यंत्रं घेतो, तो आधी बाजूला पडतो. त्याच्यामागून स्थानिक कामगार. दोन-चार वर्षांत त्या धंद्याचा दरच असा बसतो की स्थानिक तरुण तिकडे वळूनही बघत नाही, आणि मग मालकांची संघटना सरकारला सांगते की स्थानिक माणसं हे काम करतच नाहीत, आम्हाला आणखी व्हिसा द्या. हे चक्र एकदा फिरायला लागलं की नुसत्या कोट्याने थांबत नाही.

सौदी अरेबियाने ते कोट्याने थांबवून पाहिलं. २०११ मध्ये निताकात योजना आली. प्रत्येक खासगी कंपनीत सौदी नागरिकांचं प्रमाण ठरवून दिलं आणि कंपन्यांना हिरव्या, पिवळ्या, लाल अशा पट्ट्यांत टाकलं. लाल पट्ट्यातल्या कंपनीच्या परदेशी कामगारांचे व्हिसा रिन्यू होणार नाहीत. पहिल्या सोळा महिन्यांत सुमारे ६३ हजार सौदींना त्यामुळे खासगी नोकऱ्या मिळाल्या, असं नंतरच्या एका अभ्यासाने दाखवलं, आणि सुमारे ११ हजार कंपन्या बंद पडल्या हेही त्याच अभ्यासाने दाखवलं. ज्यांचा सगळा हिशेबच बांधलेल्या मजुरीवर उभा होता, त्यांना एका फटक्यात दुसरा हिशेब जमणं शक्य नव्हतं. मी अशा छोट्या कंपन्या पाहिल्या आहेत. मालक वाईट नसतो, त्याच्याकडे दुसरी रीत उरलेली नसते.

कॅनडाचं उदाहरण आपल्या वाचकांना जवळचं वाटेल, कारण आपली कितीतरी मुलं आज तिथे आहेत. तिथे कमी पगाराच्या कामावर परदेशी माणूस आणायचा तर मालकाला आधी एलएमआयए नावाची मंजुरी काढावी लागते. स्थानिक माणूस मिळाला नाही हे दाखवायचं आणि प्रत्येक जागेमागे एक हजार डॉलर शुल्क भरायचं. हे शुल्क कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. २०१४ मध्ये सरकारने योजना आवळली. हॉटेल, खाद्यपदार्थांची दुकानं आणि किरकोळ विक्री या क्षेत्रांतल्या कमी पगाराच्या जागांसाठी, जिथे बेरोजगारी सहा टक्क्यांच्या वर असेल त्या भागात, अर्जच घ्यायचा नाही असं ठरलं. एप्रिल २०२२ मध्ये करोनानंतरची माणसांची टंचाई सांगून तो नियम काढला, कमी पगाराच्या परदेशी कामगारांची मर्यादा वीस टक्क्यांवर नेली आणि सात क्षेत्रांना तीस टक्के दिले. सप्टेंबर २०२४ मध्ये उलटा फेरा: बहुतेक क्षेत्रांत मर्यादा पुन्हा दहा टक्के, परवाना दोन वर्षांऐवजी एका वर्षाचा, आणि सहा टक्के किंवा त्याहून जास्त बेरोजगारीच्या महानगरांत कमी पगाराच्या अर्जांवर विचार नाही. शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम आणि आरोग्यसेवेला सवलत.

दहा वर्षांत नळ बंद केला, सोडला, पुन्हा बंद केला. या सगळ्या काळात परवाना एका मालकालाच बांधलेला राहिला. त्याला हात लावला तो फक्त कडेने. २०१९ पासून छळ झालेल्या कामगाराला खुला परवाना मागता येतो, पण छळाचा पुरावा द्यायला लागतो, आणि तो गोळा करायचा असतो मालकाच्या छपराखाली राहूनच. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता कॅनडात जाऊन आले आणि अशा योजना आधुनिक गुलामगिरीला पोसणारी जमीन आहेत असं म्हणाले. शब्द कडक आहेत. मला ते चुकीचे वाटत नाहीत. परवाना बांधलेला असला की त्या परवान्याच्या कागदालाच किंमत येते, आणि ज्याला किंमत येते ते विकलं जातं. एलएमआयएचा काळा बाजार तसाच उभा राहिला. जी मुलं हजारो डॉलर देऊन तो कागद घेतात, ती कामाच्या पहिल्या दिवसापासून कर्जात असतात, आणि कर्जातला माणूस ओव्हरटाइम मागत नाही. शेजारी उभ्या असलेल्या स्थानिक मुलाशी मालक त्याची तुलना करतो. त्यात तो स्थानिक मुलगा आळशी ठरतो.

कॅनडातल्याच सी. डी. हाऊ इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये एक अभ्यास छापला होता. २००७ ते २०१० या काळात अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत परदेशी कामगार आणण्याच्या अटी सैल केल्यामुळे तिथली बेरोजगारी वाढायला वेग आला, असा त्याचा निष्कर्ष. हा अभ्यास हाती घेऊन योजनाच बंद करा असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

त्यांनी अमेरिकेतला ब्रासेरो कार्यक्रम पाहावा. १९४२ पासून मेक्सिकोचे शेतमजूर हंगामी करारावर अमेरिकेत यायचे. त्यांच्यामुळे अमेरिकन मजुरांचे पगार पडतात या कारणाने तो १९६४च्या अखेरीस बंद केला. वर्षाला सुमारे पाच लाख मजुरांची वाट बंद झाली. नंतर अभ्यासकांनी राज्याराज्यांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळलं की स्थानिक शेतमजुरांचे पगार त्यामुळे वाढलेच नाहीत. टोमॅटोसारख्या पिकांत तोडणीचं यंत्र तयार होतं, शेतकऱ्यांनी ते घेतलं. जिथे यंत्र नव्हतं तिथे पीकच कमी केलं. त्याच अमेरिकेत बिगरशेती हंगामी कामांसाठी एच-टू-बी नावाचा व्हिसा आहे, वर्षाला ६६ हजारांची मर्यादा, आणि मागणी जास्त म्हणून अर्जांची सोडत निघते. २०२१च्या सोडतीत ज्या कंपन्यांना माणसं मिळाली आणि ज्यांना नाही मिळाली त्यांची तुलना झाली. माणसं मिळालेल्यांचं उत्पादन वाढलं, आणि स्थानिक कामगार कमी केल्याचं दिसलं नाही. तेव्हा परदेशी माणूस आला की स्थानिकाची भाकरी जातेच, असं सरसकट म्हणता येत नाही. परिणाम कामाच्या प्रकारावर आणि नियमांवर ठरतो.

'तात्पुरता' या कल्पनेचा मालकांनाच कसा जाच होतो, ते पश्चिम जर्मनीच्या इतिहासात दिसतं. तुर्कस्तानशी ३० ऑक्टोबर १९६१ रोजी करार झाला तेव्हा कामगाराने दोन वर्षांनी परत जावं आणि त्याच्या जागी दुसरा यावा अशी अट होती. ती अट मोडा म्हणून आग्रह धरला तो जर्मन कारखानदारांनी. शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी घरी पाठवून नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवणं त्यांना परवडेना. १९६४ मध्ये करारातून ती मुदत गेली. आमच्या साइटवरही हेच होतं. नव्या बॅचच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत शटरिंगच्या फळ्या जास्त फुटायच्या, कापलेली सळई वाया जायची, किरकोळ अपघात वाढायचे. हे नुकसान कोणत्याच पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून मजूर स्वस्त आहे असं मालकाला वाटत राहतं. काम बारमाही असेल तर त्याला हंगामी माणूस लावणं हा मालकाचाही तोटा आहे. सफरचंदाची तोडणी हंगामी असते. कत्तलखाना, वृद्धाश्रम, हॉटेलचं स्वयंपाकघर यांना कसला आला आहे हंगाम?

कॅनडाच्या शेतीत तर १९६६ पासून, आधी जमैका आणि १९७४ पासून मेक्सिकोतून, माणसं दरवर्षी जास्तीत जास्त आठ महिन्यांसाठी येतात. मालकाला पुढच्या वर्षी तोच माणूस नावाने मागवता येतो. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण नाव आलं नाही तर पुढचं वर्षच गेलं, ही भीती त्या माणसाच्या डोक्यावर आठही महिने असते. फवारणीला मास्क मागायलाही तो कचरतो.

मालकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. तिकीट, व्हिसा, मेडिकल, राहण्याची सोय, सगळा खर्च मी केला आणि दोन महिन्यांत माणूस शेजाऱ्याने पळवला, तर मी का आणावा? हा प्रश्न मी आमच्या मॅनेजरच्या तोंडून कितीदा तरी ऐकला आहे, आणि तो रास्त आहे. कतारने २०२० मध्ये एनओसीची अट काढली तेव्हा त्यावर तोड काढली: परीक्षाकाळात कामगार गेला तर नव्या मालकाने जुन्याला भरतीचा खर्च आणि तिकीट भरून द्यायचं, दोन महिन्यांच्या मूळ पगाराच्या मर्यादेत. हिशेब मालका-मालकांत होतो, कामगाराच्या मानेवर बसत नाही. जपानने १९९३ पासून चालवलेली तांत्रिक प्रशिक्षणार्थींची योजना २०२४ मध्ये कायदा करून मोडीत काढायचं ठरवलं. तिच्या जागी २०२७ पर्यंत जी योजना यायची आहे, तीत एक ते दोन वर्षांनंतर त्याच क्षेत्रात मालक बदलता येईल. म्हणजे मार्ग आहेत. क्षेत्राला किंवा प्रांताला बांधलेला परवाना द्या, सुरुवातीचा थोडा काळ राखून ठेवा, खर्चाची भरपाई ठरवा. पण शेवटी सही कामगाराची असू द्या.

आणि भरतीचा पैसा. आपल्या देशात नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून सेवाशुल्क किती घ्यायचं याला मर्यादा आहे, ३० हजार रुपये आणि वर कर. माझ्या टेबलासमोर बसून हिशेब सांगणाऱ्या माणसांत तेवढ्यात आलेला मला फारसा कोणी भेटला नाही. कोणी जमीन गहाण टाकलेली, कोणी बहिणीचे दागिने. पहिलं दीड वर्ष पगार व्याजात जायचा. असा माणूस ज्या बाजारात उतरतो, तिथल्या स्थानिक कामगाराची सौदा करण्याची ताकद त्याच्यामुळे कमी होते, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा दोष काडीचा नसतो. मालकाला माणूस हवा असेल तर भरतीचा खर्च मालकाने करावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनाही अनेक वर्षं हेच सांगते आहे.

म्हणून संपादक महाशय, आपल्याला एक विनंती आहे. अमुक देशाने इतके हजार कामगार मागवले, तमुक सरकारशी करार झाला, अशी बातमी आपण छापाल तेव्हा आकड्याच्या खाली चार गोष्टी विचारून छापा. परवाना एका मालकाच्या नावावर आहे की क्षेत्रासाठी? मालक कधी आणि कोणत्या अटीवर बदलता येतो? एजंटाचे पैसे कोण भरणार? तक्रार केली तर ती मिटेपर्यंत माणसाला तिथे राहता येतं का? हीच चार उत्तरं परदेशी नोकरीच्या ज्या जाहिराती आपल्याकडे येतात, त्या देणाऱ्यांकडूनही लेखी मागून घ्या. जो देणार नाही, त्याची जाहिरात घेऊ नका. पैसे उचलण्याआधी घरात बसून वाचायला त्या माणसाच्या हातात निदान एवढं तरी असेल.

आपला नम्र,
एक निवृत्त टाइमकीपर